मिस्त्रींनी न आणलेली ट्यूब

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. मिस्त्री होते तोवर वाटायचं, कागदावर कशाला, समोर जाऊन सांगू. मिस्त्री गेले तेव्हा वाटलं, आता सांगून कोणाला काय मिळणार. दोन्ही वेळी मी सोयीचं तेच धरून बसलो होतो, आणि हे मला दोन्ही वेळी कळत होतं.

मागच्या महिन्यात एका लग्नात गेलो होतो. जेवायला आमच्याच धंद्यातली माणसं शेजारी आली, जरीपटक्यातले जुने गॅरेजवाले आणि त्यांची आता गॅरेज चालवणारी मुलं. बोलता बोलता मिस्त्रींचा विषय निघाला.

"दुसऱ्याले सिलिकॉनच्या ट्यूबले हात लावू देत नव्हता बुढा," एक जण म्हणाला, "अन् शेवटी सोताच लावून बसला."

"डोकं गेलं होतं ना त्याचं," दुसरा म्हणाला. "विचारा भाऊले. भाऊच्याच गॅरेजात होता."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी पापड मोडला आणि "जुनी गोष्ट झाली" एवढंच म्हणालो. त्या वाक्यानं त्यांच्या बोलण्यावर शिक्का बसला. घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्यासोबत होतं.

म्हणून आधीच लिहून टाकतो. मिस्त्रींचं डोकं गेलं नव्हतं. सिलिकॉन त्यांनी लावलं नव्हतं. मी लावलं होतं. आणि त्यांनीच लावलं असं त्यांना पटवून दिलं, तेही मीच.

आता माणूस कसा होता ते सांगतो. ते सांगितल्याशिवाय मी काय केलं ते नीट कळणार नाही.

माझं गॅरेज पत्र्याच्या शेडचं होतं. काम मुख्यतः सायलेन्सरचं. गंजलेले पाइप बदलणं, खड्ड्यांत आणि गतिरोधकांवर आपटणारे पाइप वर उचलून नव्यानं बसवणं, आणि हौशी पोरांच्या गाड्यांना मोठ्या तोंडाचे, मोकळ्या आवाजाचे पाइप करून देणं. वेल्डिंग मिस्त्री करत. त्यांच्याइतका सरळ टाका मी दुसऱ्या कोणाच्या हातून पडलेला पाहिला नाही. पण त्यांची ख्याती त्या टाक्यासाठी नव्हती. ती होती ऑक्सिजन सेन्सरसाठी.

ज्यांना गाड्यांतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनात जळून उरलेला धूर ज्या पाइपातून मागे जातो, त्या पाइपात अंगठ्याएवढा एक सेन्सर पेचानं बसवलेला असतो. धुरात प्राणवायू किती उरला हे तो ओळखतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. त्यावरून इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं ते ठरतं. वस्तू लहान, पण भारी नाजूक. पाइपाचं काम करायचं तर ती आधी काढावी लागते आणि काम झाल्यावर परत बसवावी लागते. बाकीच्या गॅरेजांत ती काढून कुठेही टाकत, कधी सीटखाली, कधी खिळ्यांच्या डब्यात. मिस्त्री तिला नाक म्हणत, आणि तिच्याशी नाकासारखंच वागत.

सेन्सर काढायचा म्हणजे ते आधी इंजिन सुरू करायला सांगत आणि स्वतः चहा घ्यायला बसत. एक कप चहा संपला की इंजिन बंद. तेवढ्यात पाइप कोमट होई आणि पेच सहज सुटे. थंड पाइपातून कोणी जोर लावून काढायला गेला तर म्हणत, "दात काढून राहिला का गा? आटे खाशील त्याचे." काढलेला सेन्सर ते टेबलावर कधीच ठेवत नसत. कामाच्या जागेच्या वर त्यांनी एक तार बांधली होती. तिला घरच्या जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्या अडकवलेल्या असत. सेन्सर त्या चिंधीत सैल गुंडाळून, टोक कशालाही लागणार नाही असा, ते तारेला टांगत आणि गाडीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी बांधत. चार गाड्या कामाला असल्या की वर चार गाठोडी लटकत. नवीन गिऱ्हाईक विचारी, "हे काय बांधलं बाप्पा, नजर उतराले?" मिस्त्री मान वर न करता म्हणत, "तुमच्या गाडीचं नाक हाय. खाली हात धुवाचा नळ हाय. पाहाचं असन तं धुवून या."

हात धुण्यावरून त्यांनी एकदा एका वकिलाला बाहेर काढलं होतं. माणूस नामांकित, केसांना तेल चोपडलेलं. बोलता बोलता डोक्यावरून हात फिरवायची त्याला सवय. तो टांगलेल्या सेन्सरकडे बोट नेतो न नेतो तोच मिस्त्रींनी त्याचं मनगट धरलं.

"तेल हाय तुमच्या बोटाले."

"अहो, गाडी माझी आहे."

"गाडी तुमची हाय. तिचं नाक कामापुरतं माह्याकडं हाय."

वकीलसाहेब माझ्याकडे वळले. मी हसून वेळ मारून नेली. ते गेल्यावर मिस्त्रींना म्हणालो, "अशानं गिऱ्हाईक जाईल." ते म्हणाले, "जाऊ द्या. दुसरीकडं सेन्सर मरन अन् मग येईन." साधारण महिन्याभरात वकीलसाहेब खरंच आले, आणि आल्या आल्या नळावर गेले.

बसवतानाही त्यांचे नेम ठरलेले. नवा पाइप केला तर सेन्सरचं भोक पाइपाच्या वरच्या अंगाला पाहिजे. खालच्या बाजूला करू देत नसत, कारण सकाळी गाडी थंड असताना पाइपात पाणी साचतं आणि ते सेन्सरच्या टोकाला लागलं तर तापल्यावर आतली चिनी माती तडकते. वायर आखूड पडली तर तोडून पीळ मारायचा नाही. तयार जोडवायर आणायची आणि गरम पाइपापासून चार बोटं लांब बांधायची. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढायची. आणि पाइपाचे दोन तुकडे जिथे नटबोल्टनं जोडतात तिथे पत्र्याचं नवं पॅकिंग घालायचं, दोन्ही तोंडं कानशीनं घासून सपाट करायची. सिलिकॉनची ट्यूब तिथे लावायची नाही. हा शेवटचा नेम सगळ्यात कडक होता.

साधी सिलिकॉनची ट्यूब म्हणजे फार सोपी गोष्ट असते. जोडातून धूर फुसफुसतो आहे, ट्यूब पिळा, बोटानं पसरवा, आवळा, काम झालं. तिला शिरक्यासारखा आंबूस वास येतो. पण ती तापली की तिची वाफ धुराबरोबर पुढे जाते आणि सेन्सरच्या टोकावर पांढरा थर धरते. मग त्या सेन्सरला काही कळत नाही. आमच्या शेडमध्ये ती ट्यूब आणायचीच नाही, असं मिस्त्रींनी पहिल्याच वर्षी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. कोणी दुसरा मेकॅनिक भेटायला आला तरी त्याच्या हाताचा वास घेत. लोक हसत. ते हसत नसत.

एकदा धरमपेठेतला एक पोट्टा नवी कोरी गाडी घेऊन आला. त्याला धूर स्वच्छ करणारा मधला कन्व्हर्टर काढून सरळ पाइप हवा होता, आणि त्याच्या मागे असतो त्या दुसऱ्या सेन्सरला धुरापासून लांब धरणारा एक पोकळ तुकडा बसवून हवा होता, म्हणजे कन्व्हर्टर नाही हे गाडीला कळणार नाही आणि स्टिअरिंगसमोरचा इशाऱ्याचा दिवा लागणार नाही. तुकडा त्यानं सोबतच आणला होता.

मिस्त्रींनी तो हातात घेतला, त्यातून आरपार पाहिलं आणि परत दिला. "हे मी नाई करत."

"काहून? सगळे करून देतात."

"सगळ्याईकडं जा ना मग."

"काका, गाडीले थोडीच कळते?"

"म्हून तं," मिस्त्री म्हणाले. "तिले कळत नाई म्हून तिले खोटं सांगाचं? तुह्या आजीले दिसत नसन तं तिच्या ताटात काई बी वाढतं का?"

पोट्टा गेला. ते काम मला हवं होतं, मी दोन दिवस धुसफुसत होतो.

हे सगळं ते शिकले कसे, ते त्यांनीच मला सांगितलं होतं. आयुष्य ट्रकच्या कामात गेलेलं. सेन्सरवाल्या गाड्या आल्या तेव्हा त्यांनी पहिलाच सेन्सर काळा झालेला पाहून रॉकेलमध्ये बुडवला आणि ब्रशनं लख्ख घासून बसवला. गाडी दुसऱ्या दिवशी बंद पडली. मालकाला वाटलं, सेन्सरच जुना होता. मिस्त्रींनी मात्र कोणाकोणाला विचारून कारण शोधलं आणि सायकलनं त्या मालकाच्या घरी गेले. बेल वाजवून दारातच म्हणाले, "तुमच्या गाडीचं नाक मी मारलं. रॉकेलनं. मले माहीत नव्हतं." ही गोष्ट ते अगदी सहज सांगायचे. त्यात काही मोठेपणा आहे असं त्यांना वाटलेलं मी पाहिलं नाही. "चुकलो तं चुकलो म्हणाले काय लागते भाऊ," असं म्हणून ते कानस शोधायला लागत.

त्यांना एकाच गोष्टीची भीती होती. त्यांचे थोरले भाऊ म्हातारपणी सगळं विसरत गेले होते. आधी चष्मा, मग माणसं, मग स्वतःचं घर. एकदा इंदोऱ्यातल्या घरून निघाले ते दोन दिवसांनी कामठीजवळ सापडले, पायात चप्पल नाही. मिस्त्रींनीच त्यांना शेवटपर्यंत अंघोळ घातली. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, दीक्षाभूमीवरून परतल्यावर. दरवर्षी दसऱ्याच्या दिवसांत ते रजा घेऊन तिथे येणाऱ्यांना पाणी वाटायचे. आधी दोघे भाऊ जात, मग हे एकटे. त्या वर्षी म्हणाले, "हात गेले तरी चालन भाऊ. डोळे गेले तरी चालन. डोकं नाई गेलं पायजे. दादाले मी पाह्यलं हाय."

हे मला माहीत होतं. पुढे जे लिहितो आहे ते वाचताना एवढं लक्षात असू द्या.

बुटीबोरीच्या कारखान्यांत पाळीला कामगार नेणाऱ्या पाच व्हॅन एका माणसाच्या होत्या. त्यांचे पाइप गतिरोधकांवर आपटून चेपले होते. पाचही गाड्यांचे पाइप वर उचलून नव्यानं करायचं काम मी घेतलं आणि आठ दिवसांत देतो म्हणालो. मिस्त्रींना न विचारता म्हणालो. तयार पाइप आणले त्यांची तोंडं वाकडी निघाली. सेन्सरच्या अलीकडचा जोड नीट बसेना. मिस्त्री प्रत्येक तोंड कानशीनं घासत बसले. एका गाडीला पुरा दिवस, कधी दीड. गाडीमालक सकाळ-संध्याकाळ फोन करायचा. त्याची माणसं रस्त्यावर उभी राहत होती, त्याचंही चूक नव्हतं.

पहिल्या दोन व्हॅन मिस्त्रींच्या पद्धतीनं गेल्या. उरलेल्या तिन्हींचे जोड बसवून झाले होते, पण इंजिन सुरू केलं की किंचित फुसफुसत होते. मिस्त्री म्हणाले, "उद्या खोलतो अन् परत घासतो." ते कामावर दहाला येत, दहा म्हणजे दहा. मी आठला शेड उघडत असे. त्या संध्याकाळी घरी जाताना मी बाजारातून एक ट्यूब घेतली आणि दुसऱ्या दिवशी सोबत आणली. दोन तासांत तिन्ही गाड्यांचे जोड मोकळे केले, तांबडं सिलिकॉन पिळलं आणि आवळून टाकलं. बाहेर आलेलं फडक्यानं पुसलं. मनात म्हटलं, थोडंसंच तर आहे, इतक्यानं काय होतंय.

मिस्त्री त्या दिवशी काही मिनिटं आधी आले. त्यांची सायकल फाटकाला लागल्याचा आवाज झाला आणि माझ्या हातात ट्यूब तशीच होती. समोर एक उघडी पेटी होती, तिच्यातल्या चिंध्यांखाली मी ती सारली. पेटी मिस्त्रींची होती. मग नळावर साबणानं हात घासून वास घालवला. दुपारी काढून टाकू म्हटलं. दुपारी गाडीमालक आला, त्याच्या घाईत गाड्या देऊन टाकल्या, आणि ट्यूब माझ्या डोक्यातून गेली. विसरलो मी होतो.

त्या सकाळी मिस्त्रींनी एकेक व्हॅन सुरू करून जोडाजवळ कान नेला. "बसला की हा," ते म्हणाले. "काल तं बोलून राहिला होता."

"गरम-थंड होऊन बसला असेल," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. त्यांना आनंद झाला होता. कानशीवरून त्यांनी अंगठा फिरवला.

पाच-सहा आठवड्यांनी त्या तिन्हींतली पहिली व्हॅन परत आली. काळा धूर, पेट्रोल दीडपट खाते आहे, समोर दिवा लागलेला. चार दिवसांत तिसरीही आली. कन्हानकडच्या वस्तीतले कामगार तिच्यातून बुटीबोरीला जात. भर उन्हात ती रस्त्यात बंद पडून त्यांची पाळी बुडाली होती. मिस्त्रींनी इंजिन कोमट केलं, चहा घेतला, सेन्सर काढला आणि उजेडात धरला. टोक पांढरं. दुसऱ्या गाडीचं पांढरं. तिसरीचंही. मग त्यांनी जोड खोलला, आणि पॅकिंगच्या कडेनं तांबडं रबर लोंबत होतं.

खाली बसूनच त्यांनी ते नखानं खरवडलं.

"भाऊ," ते म्हणाले, "हे सिलिकॉन हाय. कोणं लावलं?"

"इथे कोण लावणार?" मी म्हणालो. "शेडमध्ये तुम्ही आणि मी."

"तुमी लावलं का?"

असा सरळ प्रश्न मला त्यांनी आधी कधी विचारला नव्हता. एका शब्दाचं उत्तर होतं. मी म्हणालो, "मी कशाला लावीन?"

त्यांनी ते लगेच मान्य केलं. मला अजून टोचतं ते हेच, की त्यांनी माझ्या तोंडाकडे पुन्हा पाहिलंसुद्धा नाही. मी नाही म्हणालो म्हणजे नाही. ते उठले आणि शेड शोधू लागले, फळ्या, डबे, रद्दी. मला तेव्हा ट्यूब आठवली. पेटी माझ्यापासून पाच पावलांवर होती. मी जागचा हललो नाही.

त्यांना ती सापडली. दोन बोटांत धरून ते माझ्यासमोर आले. अर्धी पिळलेली, टोपण नीट लावलेली.

"माह्या पेटीत होती."

मी टेबलावरचे पाने जुळवू लागलो.

"माह्या पेटीत कशी आली भाऊ?"

आणि मी म्हणालो, "मग तुम्हीच ठेवली असेल, मिस्त्री. कामाच्या गडबडीत लक्षात राहिलं नसेल. वय होतं माणसाचं."

अगदी मऊ आवाजात म्हणालो, समजून घेतल्यासारखं.

ते टेबलाला टेकले. "मले तं काईच आठवून नाई राहिलं," असं दोनदा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं आणि ओळखलंही. त्यांना त्यांचे दादा दिसत होते.

मी तेव्हा का बोललो नाही? गाडीमालकाची भीती होती, पण ती खरी भीती नव्हती. मी मिस्त्रींना भीत होतो. त्यांनी मला काही म्हटलं नसतं. "चुकलो तं चुकलो" म्हणाले असते आणि कानस उचलली असती. पण त्यानंतर रोज सकाळी दहाला ते माझ्या हाताचा वास घेतील असं मला वाटलं. तेवढं टाळण्यासाठी मी एका माणसाचं डोकं त्याच्याच नजरेतून उतरवलं.

संध्याकाळी गाडीमालक आला. मी काही बोलायच्या आत मिस्त्री पुढे झाले. "चूक माही हाय. सिलिकॉन मी लावलं. कधी लावलं ते आठवत नाई, पण लावलं मीच." त्या माणसानं त्यांना बरंच सुनावलं. मी मध्ये पडून म्हणालो, "जाऊ द्या, वय झालं त्यांचं." हे दुसऱ्यांदा. पुढे आमच्या लाइनीत पसरलं ते हेच वाक्य.

तिन्ही व्हॅनचं काम मिस्त्रींनी पुन्हा केलं. तोंडं घासली, पॅकिंग घातलं, नवे सेन्सर बसवले. प्रत्येक पायरी झाली की मला बोलावून दाखवत. "पाहा भाऊ, पॅकिंग घातलं ना मी? तुमी पाह्यलं ना?" मी हो म्हणायचो. शेवटची गाडी गेल्यावर त्यांनी तारेवरच्या चिंध्या काढून घडी केल्या आणि म्हणाले, "उद्यापासून येत नाई. लोकाच्या गाड्या हायेत. डोकं भरवशाचं नसन तं हात नाई घालाचा." पेटी नेली नाही. मी दोनदा म्हणालो घेऊन जा. "नको," म्हणाले, "तिच्यात काय ठेवतो तेच मले मालूम नाई."

ते हुडकेश्वरला मुलीकडे राहायला गेले. मी गेलो त्यांच्याकडे, अनेकदा गेलो. प्रत्येक वेळी आज सांगायचंच असं ठरवून.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मुलीनं दार उघडलं. स्वयंपाकघराच्या दाराला चिठ्ठ्या लावलेल्या दिसल्या. गॅस बंद केला. नळ बंद केला. कुलूप लावलं. प्रत्येकीखाली वेळ, मिस्त्रींच्या हातची. मुलगी हळू आवाजात म्हणाली, "डॉक्टरले दाखवलं काका. डॉक्टर म्हणते काईच नाई, डोकं चांगलं हाय. पण बाबा ऐकतच नाईत."

मिस्त्री आतून म्हणाले, "डॉक्टरले काय मालूम वं? त्यानं ट्यूब पाह्यली का?"

त्यांनी मला वही दाखवली. रोज सकाळी ते स्वतःची परीक्षा घेत. जुन्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांचे नंबर, पान्यांची मापं, कोणत्या गाडीचा सेन्सर कोणत्या बाजूला. मला म्हणाले, विचारा काहीही. मी विचारत गेलो. त्या वकिलाच्या गाडीचा नंबर त्यांनी सांगितला, जो मला आठवत नव्हता; नंतर जुन्या पावतीवर पाहिला, बरोबर होता. एकही चुकलं नाही.

"पाहा ना, तुमचं डोकं तर माझ्यापेक्षा चांगलं आहे," मी म्हणालो. मनात आलं, आता. हीच वेळ.

"तेच तं," ते म्हणाले. "बाकी सगळं आठवते. एक ती ट्यूबच आठवत नाई. म्हंजे तितंच भोक पडलं हाय. अन् भोक एकदा पडलं की मोठं होत जाते. दादाचं तसंच झालं." मुलगी चहा घेऊन आली आणि मी चहा प्यायलो.

असाच वर्षांमागून वर्षं चहा पीत राहिलो. ते नातवाला सायकलवर बसवत नसत, वाट विसरेन म्हणून. एकटे बाहेर जात नसत. मी गेलो की त्यांना बरं वाटे. मुलगी म्हणायची, "काका, तुमी येत जा. तुमच्याशीच बोलते बाबा." तिला मी काय सांगणार होतो?

शेवटचं गेलो ते मागच्या वर्षी, उन्हाळा संपताना. मिस्त्री बरेच वाळले होते, छातीत दुखत असे, पण त्या दिवशी हुशारीत होते. त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, एक काम केलं आहे, पोरीला सांगू नका. चार-पाच वेळा ते चोरून ऑटोनं बाजारात जाऊन आले होते. स्पेअर पार्टच्या दुकानांत. प्रत्येक दुकानात जाऊन विचारलं होतं की अमुक वर्षी मी तुमच्याकडून तांबड्या सिलिकॉनची ट्यूब नेली होती का. इतक्या वर्षांनी कोणाला काय आठवणार? पण लोक त्यांना ओळखत होते. सगळे म्हणाले, मिस्त्री, तुम्ही आणि सिलिकॉन? कधीच नाही.

"एका जणानं जरी हाव म्हटलं असतं भाऊ," ते म्हणाले, "तं सुटलो असतो. आणली कुठून एवढं कळलं की बास. मग विसरलो तं विसरलो."

वहीत दुकानांची नावं होती, एकेक खोडलेलं. एक उरलं होतं. ते दुकान जिन्यावर आहे, त्यांना चढवत नव्हतं.

"तुमी जाता ना त्याच्याकडं? तेवढं एक विचारून पाहा."

त्याच दुकानातून आणली होती मी. काउंटरच्या कोणत्या बाजूला उभा होतो तेही आठवतं.

"विचारतो," मी म्हणालो.

ते मला फाटकापर्यंत पोहोचवायला आले. मुलगी नको म्हणत होती तरी आले. मी ऑटोला हात केला. ऑटो थांबला, आणि आम्ही दोघं तिथे उभे होतो, आजूबाजूला कोणी नव्हतं.

"विचारसान ना भाऊ?"

"हाव," म्हणालो आणि ऑटोत बसलो. पंधरा दिवसांनी मुलीचा फोन आला. मिस्त्री गेले होते.

फाटकापाशी सांगायचं ते मी येताना वाटभर घोकून आलो होतो. फार नव्हतं. मिस्त्री, तुमचं डोकं चांगलं हाय. ते कधीच बिघडलं नव्हतं. ट्यूब मी आणली, मी लावली, तुमच्या पेटीत मी टाकली, अन् तुमी विचारलं तवा मी खोटं बोललो. तुमाले आठवत नाई कारण तुमी केलंच नाई. मले माफ करा.